बसलीस का?

आपल्या पुंडलिकनगरात, मागच्या गल्लीत, एक होती सत्यभामा. तिचा एकुलता एक लेक इंद्रजीत, आणि इंद्रजीतची बायको तनुजा. घर लहान पण स्वतःचं. खायला होतं, ल्यायला होतं. नव्हता तो फक्त पाळणा. दोनदा तनुजाला दिवस गेले, दोनदा हातचं गेलं. तिसऱ्यांदा देवानं कूस उजवली नि पाचवा महिना लागला, तवाची ही गोष्ट. गोष्ट म्हणते खरी, पण सत्यभामा माझ्याशी कधी खोटं बोललेली नाही, आणि तिचा लेक तर मुळातच कमी बोलतो. तेव्हा दार लोटून घ्या रे, नि मधी कोणी बोलू नका.

पितरांचा पंधरवडा संपत आला होता. तनुजा माहेरी होती, कन्नडला. डॉक्टरीणबाईंनी आराम सांगितला होता म्हणून. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या, म्हणजे इंद्रजीतच्या वडलांचा म्हाळ. आता त्या घरचा कुळाचार असा, की म्हाळाचा बाकी स्वयंपाक कोणीही करावा, पण खिरीला पळी सुनेनंच लावायची. नाहीतर पितर उपाशी उठतात.

सत्यभामा लेकाला म्हणाली, "बाकी सगळं मी रांधते. तिनं नुसती पळी फिरवायची. पण येष्टीनं आण बाबा. गाडीवर धक्के बसतात."

"येष्टीत काय पालखी असते का आई? मी हळू आणतो," असं म्हणून इंद्रजीतनं मोटारसायकल काढली.

गाडी जुनी, पण लाडाची. कंपनीत जायला-यायला तिच्यावरच जीव. कधी रस्त्यात उभं केलं नव्हतं तिनं. हायवेला ट्रकांची रीघ लागलेली, म्हणून त्यानं जुना रस्ता धरला. त्या रस्त्यावर जांभळीची मोरी लागते. जांभळीचं झाड कधीच तुटलं, नाव तेवढं राहिलं. खालून ओढा जातो, वर दोन्ही बाजूंना बुटका कठडा. तिथं आला नि खिशातला फोन वाजला. सत्यभामाच. "पोचलास का?"

त्यानं गाडी कडेला घेतली, रेसची मूठ सोडली, चालू गाडीवर बसूनच फोन उचलला. आणि गाडी बंद पडली.

किक मारली, चालू झाली. पुढं गेला. गतिरोधकावर हळू केली, बंद. कन्नडच्या नाक्यावर म्हशी आडव्या आल्या, बंद. पळत असली की बिनतक्रार पळायची. उभी केली, मूठ सोडली, की डुगडुगडुग… आणि गप्प.

सासरवाडीला पोचला, हातपाय धुतले, चहा घेतला, नि गाडी घेऊन स्टँडाजवळ सत्यमच्या गॅरेजात गेला. सत्यम तोंडानं वाजंत्री, पण हातानं चोख.

"पावणं, रेसवर चालती आन् स्लोला मरती, व्हय ना? कचरा असंल. आत्ता काढतो."

त्यानं कार्बोरेटर उघडला. जेट फुंकला. फिल्टर झटकला. प्लग घासून लख्ख केला. टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून उजेडात धरलं, पाणी नव्हतं. मग रेसचा स्क्रू पिळला. गाडी उभी राहिली, डुगडुगली, मेली. आणखी पिळला. गाडी उभ्या उभ्या बोंबलायला लागली, आणि त्या बोंबलण्यातूनच गप्पकन बंद पडली.

दुपार अशीच गेली. सत्यमची वाजंत्री कमी कमी होत गेली.

"पावणं, मी भुकेली गाडी बघितली, तुंबलेली बघितली. ह्या गाडीला रोग नाय. कोणीतरी तोंडावर हात ठेवल्यावानी मरती ही." मग फडक्याला हात पुसत त्यानं विचारलं, "पहिल्यांदा कुठं बंद पडली?"

"जांभळीच्या मोरीवर."

सत्यमनं पाना खाली ठेवला. "आज चतुर्दशी ना?"

"असंल. उद्या अमावस्या आहे."

"मग आत्ताच निघा. उजेड हाय तवर मोरी मागं टाका. नायतर उद्या जा." एवढं बोलून तो दुसऱ्या गाडीकडं वळला.

घरी तनुजाच्या आईनं, भागूबाईनं, दारातच अडवलं. "जावईबापू, घातचतुर्दशी हाय आज. घातानं, अपघातानं गेलेल्या माणसांचा म्हाळ असतो आज. ती माणसं वाटंला असत्यात. पोटुशी बाई ह्या येळेला बाहेर काढायची नसती."

"आणि उद्या खिरीला पळी कोण लावणार? तुमच्या विहीणबाई मला घरात घेतील का?"

"घेतील हो," तनुजा पिशवी उचलत म्हणाली, "पण मला आयुष्यभर ऐकवतील. चला."

भागूबाईनं लेकीच्या पदराला मिठाची पुरचुंडी बांधली, तिच्यावरनं पाणी ओवाळून टाकलं. ह्या बोलाचालीत सूर्य गेला. कन्नड सुटलं तेव्हा रस्ता दिसत होता, हतनूर मागं पडलं तेव्हा फक्त गाडीचा दिवा दिसत होता.

इंद्रजीत जपून चालवत होता. तनुजा प्रत्येक खड्ड्याला एक टोमणा मारत होती. "हा खड्डा सुटला होता, मागं जाऊन घ्या." "अहो, पोरगं आत्ताच बाहेर येऊन विचारंल, बाबा लायसन दाखवा." तो हसत होता. मूठ मात्र सोडत नव्हता. सोडली की मरणार, हे त्याला पक्कं ठाऊक.

मोरी आली. आणि नेमका समोरून एक ट्रॅक्टर आला, झगझगीत दिवे, सगळा रस्ता व्यापून. इंद्रजीतनं गाडी कठड्याला घेतली. मूठ सुटली.

गाडी बंद.

ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज गेला. मग कसलाच आवाज राहिला नाही.

"उतर जरा," तो म्हणाला. तनुजा उतरली, कठड्याला टेकली. त्यानं किका मारल्या. घाम फुटला. मग खाली बसून, फोनच्या उजेडात प्लग काढला, बनियनच्या टोकानं पुसला, परत बसवला. तनुजा मागं कोणाशी तरी बोलल्यासारखं त्याला वाटलं. माहेरी फोन लावला असंल, म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही. त्याचं सगळं चित्त त्या प्लगात.

किक मारली. गाडी चालू झाली. त्यानं मूठ पिळून धरली, टांग टाकली, आणि मागं न बघताच ओरडला, "बस, बस पटकन! परत मरंल! बसलीस का?"

सीट दबली. खांद्यावर हात आला.

"हं."

त्यानं गिअर टाकला.

थोडं अंतर गेलं. एक खड्डा गेला. तनुजा काही बोलली नाही. दुसरा गेला, चांगला मोठा, गाडीचं बूड आपटलं. तरी नाही.

"रागावलीस का?" त्यानं विचारलं. "आता घरी गेल्यावर आईच्या पुढं माझी बाजू घे बरं का."

गप्प.

खांद्यावरचा हात गार होता. शर्टातून आत उतरत होता तो गारवा. वारं लागलं असंल तिला, म्हणून त्यानं वेग कमी केला, तर गाडी खोकली. त्यानं परत मूठ पिळली.

तेवढ्यात वरच्या खिशात फोन थरथरला. एका हातानं काढला, हँडलवर धरून बघितलं. नाव आलं होतं… तनुजा.

त्याला हसू आलं. मागं बसून फोन करते, थट्टेखोर कुठली. त्यानं कानाला लावला.

"अहो…" तनुजाचा आवाज लांबून आला. "अहो, तुमच्या मागं कोण बसलंय?"

…

"मी मोरीवरच आहे. ती बाई आली, कितवा म्हणाली, पाचवा म्हणाले मी. तू थांब, मी आधी जाते म्हणाली. आणि बसलीच ती. मी हाका मारल्या तुम्हाला. अहो… ऐकताय का? माझ्या फोनला चार्जिंग…"

फोन तुटला.

हात खांद्यावर होता.

इंद्रजीतनं मागं बघितलं नाही. आरशात बघावं, तर आरशात काळं. त्याच्या मनात एकच. तिकडं ती एकटी आहे. पोटात लेकरू आहे. वळायचं.

त्यानं हँडल फिरवलं, मूठ सैल झाली…

गाडी खोकली. मरायला लागली.

खांद्यावरची बोटं आवळली.

त्याला उमगलं. वळला तर गाडी मरणार. आणि मग ह्या अंधारात तो, ती मेलेली गाडी, आणि मागं बसलेलं ते. तनुजापर्यंत पोचणंच होणार नाही. त्यानं हँडल सरळ केलं. गाडी लगेच शहाण्यासारखी पळायला लागली.

तेव्हा तो बोलला. आयुष्यात एवढं नरम कधी बोलला नसंल.

"बाई… कोण आहेस मला माहीत नाही. माझी बायको मोरीवर आहे. आमचं दोनदा गेलंय. आता हे एकच. तुला जिथं जायचं तिथं सोडतो. वाकडं नाही बोलणार. पण लवकर सांग."

गाडी पळत होती.

बरंच पुढं गेल्यावर डाव्या खांद्यावर बोट टेकलं. हळूच. मागं बसलेली बाई नवऱ्याला सांगते ना, इथं वळा… तसं.

डावीकडं पाणंद होती. बाभळी दोन्ही बाजूंनी आत आलेल्या. टोकाला एक वस्ती, एक पत्र्याचं घर, एक पिवळा दिवा. अंगणात बाजेवर म्हातारा बसला होता. त्याच्या पुढ्यात पत्रावळ. वडे, कढी, खीर. सगळं वाढलेलं, सगळं निवलेलं. कावळा शिवला नव्हता. म्हातारा वाट बघत होता.

इंद्रजीतनं गाडी उभी केली. मूठ सुटली.

गाडी बंद पडली नाही.

डुगडुगडुगडुग… तान्ह्या पोराच्या छातीसारखी, एका लयीत, उभीच्या उभी चालू राहिली.

सीट वर आली. खांदा मोकळा झाला.

म्हाताऱ्यानं इंद्रजीतकडं बघितलंच नाही. त्याच्या मागं बघितलं. उठला. तांब्या उचलला.

"आलीस?" तो म्हणाला. "लई उशीर केलास गोजर. ये. पाय धू."

पाणी मातीवर पडल्याचा आवाज झाला. थेट मातीवर नाही… मातीच्या आधी कशावर तरी.

इंद्रजीतनं गाडीवरूनच विचारलं, "बाबा, ही… कोण?"

"माझी बायको. गोजरबाई." म्हातारा खाली बघूनच बोलत होता. "कन्नडच्या बाजारातनं कुंचीसाठी खण घेऊन येत होतो. मोरीवर पाणी प्यायला उतरलो. मी गाडी चालू केली. म्हणलं, बसलीस का? ती हं म्हणली. मी निघालो. हितं येऊन बघतो तर मागं कोणीच नाय. परत गेलो तवर… ट्रकनं… ती बी पोटुशी होती."

"मग हं कोण म्हणलं?"

म्हाताऱ्यानं तांब्या खाली ठेवला.

"बाबा, हं कोण म्हणलं?"

तेव्हा त्यानं पहिल्यांदा इंद्रजीतच्या तोंडाकडं बघितलं. "तुझी कोणी हाय का तिथं? मोरीवर?"

इंद्रजीतनं मान हलवली.

"मग हितं काय करतोस?" म्हातारा ओरडला. "जा! ती मोरी रिकामी राहत नाय! एक सुटली की दुसरी धरती ती. जा, पळ! आन् आवाज आला तर बोलू देऊ नको तिला! हं म्हणू देऊ नको!"

पाणंद कशी संपली, रस्ता कसा गेला, ते इंद्रजीतला आजही सांगता येत नाही.

मोरी आली. दिव्याच्या उजेडात कठडा दिसला. कठड्याजवळ तनुजाच्या चपला. शेजारी शेजारी, देवळाबाहेर काढून ठेवतात तशा.

तनुजा नव्हती.

त्यानं गाडी स्टँडवर लावली. चालूच ठेवली. ती चालू राहिली. त्या दिव्याच्या उजेडात तो उतारावरनं घसरत ओढ्यात उतरला.

ती तिथं होती. घोट्याएवढ्या पाण्यात. पाठमोरी. मोरीच्या काळ्या तोंडाकडं बघत. एक पाय पुढं टाकलेला.

त्यानं हाक मारायला तोंड उघडलं.

आणि आतून, मोरीच्या पोटातून, आवाज आला.

"बसलीस का?"

त्याचाच आवाज. इंद्रजीतचा. हुबेहूब. घाईतला. चिडका.

"बस, बस पटकन. बसलीस का?"

तनुजाचे ओठ हलले…

इंद्रजीतनं झडप घातली. तिच्या तोंडावर हात दाबला, कंबरेला विळखा घातला, मागं ओढलं. तिनं त्याचा हात हिसकून काढला, आणि त्याला बघून जी काही फणकारली…

"सोडा! मी नाही बोलणार तुमच्याशी!"

आतून परत. "बसलीस का?"

"ऐकलं का?" तनुजा रडत रडत म्हणाली. "मला टाकून गेलात, वर आता खालनं विचारताय, बसलीस का, बसलीस का. केव्हापासनं विचारताय. आवाजामागं खाली उतरले, पण मी म्हटलं, विचारू दे. मी ओ देणारच नाही. रुसले मी. तुम्ही… तुम्ही वर होता, तर मग खाली…"

तिला कळलं.

ते दोघं बोलले नाहीत. तो तिला धरून वर चढवत होता. मागनं आवाज येत होता. आता घाईतला नाही. आता लाडातला.

"बसलीस का गं… बसलीस का…"

वर गाडी उभी होती. चालू. एका लयीत. इंद्रजीतनं आधी तनुजाला उचलून मागच्या सीटवर बसवलं. तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरले, ते न सोडता पाय टाकून पुढं सरकला, नि ते हात आपल्या पोटावर बांधले. ऊन होते ते हात. त्यानं काही विचारलं नाही. गिअर टाकला.

घरी पोचले तेव्हा सत्यभामा दारात उभी. लेकाचं तोंड बघून तिनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आणि "उशीर का झाला" हे सुद्धा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तनुजानं खिरीला पळी लावली. सत्यभामानं एक पान जास्त वाढलं, गोजरबाईच्या नावानं. त्या पानाला कावळा आधी शिवला. इंद्रजीतच्या वडलांच्या पानाला मागनं.

गाडी पुढं त्यानं दोन मिस्त्रींना दाखवली. दोघं म्हणाले, हिला काही झालेलंच नाही. आता ती सिग्नलला अशी उभी राहते, की चालू आहे का बंद, ते हात लावून बघावं लागतं. पण त्या घरात बायको मागं बसली की नवरा विचारत नाही. उतरतो, बघतो, हात लावतो, मगच निघतो. तुम्ही पण तसंच करत जा.

माघात तनुजा बाळंत झाली. मुलगी. पूर्ण दिवसांची, टपोरी, घर डोक्यावर घेणारी. सत्यभामानं गल्लीभर पेढे वाटले, रडत रडत वाटले. घराचं नशीब उघडलं म्हणा. पुढं दोन वर्षांनी मुलगाही झाला, नि इंद्रजीतला कंपनीत बढती मिळाली.

पण त्या मुलीच्या पाचवीची रात्र सांगायची राहिली.

पाचवीच्या रात्री सटवाई येते, लेकराच्या कपाळी लिहून जाते. सत्यभामानं पाटा पुजला, दिवा लावला, दाराला आतून कडी घातली. बाळंतिणीच्या खोलीत ती स्वतः जागत बसली. आणि त्यांच्याकडं जन्माआधी लेकराचं कापड शिवत नाहीत, नंतरही बारशापर्यंत जुनंच गुंडाळतात. घरात नवं टोपडं नाही, झबलं नाही, काही नाही.

पहाटे दिवा फडफडला. सत्यभामाचा जरासा डोळा लागला असंल, तेवढाच. उघडून बघते तर कडी तशीच. तनुजा झोपलेली. पोर जागी, वर कोणाकडं तरी बघून हसत होती.

तिच्या डोक्यावर कुंची होती.

खणाची. जुन्या खणाची, आता कुठं मिळत नाही तसल्या. हातानं शिवलेली, बारीक टाका, कडेला झालर. सगळी पुरी झालेली, हनुवटीखालची एक नाडी तेवढी राहिली होती. तिथं सुई टोचून ठेवलेली, सुईत दोरा.

सत्यभामानं ती सुई काढायला हात लावला.

दोऱ्याचं टोक ओलं होतं. सुईत ओवताना बाई तोंडात धरून ओलं करते ना…

तसं.